अंगण वाकडंच आहे!

"नाचता येईना अंगण वाकडं" ही म्हण ज्याने कोणी काढली, त्याने नाचणाऱ्यांचं जेवढं नुकसान केलंय तेवढं जगातल्या समस्त वाकड्या अंगणांनी मिळूनही केलं नसेल. हल्ली ही म्हण मला दर दोन दिवसांनी ऐकायला मिळते. कारण एवढंच, की मी माझा स्वस्तातला इलेक्ट्रॉनिक ड्रम सेट काढून वरच्या दर्जाचा घ्यायचं ठरवलंय. वरच्या दर्जाचा म्हणजे काही लाखांचा. हे कळल्यापासून ओळखीतली निम्मी मंडळी संगीतगुरू झाली आहेत. "आधी हात तर बसू दे!" "वाद्यात काही नसतं रे, वाजवणाऱ्यात असतं." आणि सगळ्यांचा हुकमी एक्का: "शिवमणी बादलीवरसुद्धा वाजवतो!"

वाजवतो ना. त्या बादलीकडे मी येणारच आहे. पण आधी हे यंत्र चालतं कसं ते सांगतो, कारण उपदेश करणाऱ्यांपैकी एकालाही ते ठाऊक नसतं.

इलेक्ट्रॉनिक ड्रमचा आवाज पॅडमधून येत नाही. पॅडच्या आत नाण्यासारखी एक चकती असते, पिझो सेन्सर. काठी पडली की पॅड थरथरतं, चकतीत बारीकसा विद्युतदाब तयार होतो, आणि शेजारचं मोड्यूल त्यावरून ठोका किती जोराचा होता ते ठरवतं. मिडी पद्धतीत याला १ ते १२७ यांपैकी एक आकडा मिळतो. त्या आकड्याप्रमाणे साठवलेला आवाज तुमच्या हेडफोनमध्ये सोडला जातो. थोडक्यात, तुमचा हात आणि तुमचा कान यांच्यामध्ये एक कारकून बसलेला असतो. तुम्ही अर्ज करायचा, तो नोंद करणार, आणि त्याने जी नोंद केली तेच तुम्हाला ऐकू येणार.

आता हा कारकून स्वस्तातला असेल तर काय होतं बघा.

स्नेअरवर दोन मोठ्या ठोक्यांच्या मधे अगदी हलके, काठी नुसती टेकवल्यासारखे ठोके वाजवतात. त्यांना घोस्ट नोट्स म्हणतात. ऐकणाऱ्याला ते वेगळे जाणवत नाहीत, पण काढून टाकले तर ताल कोरडा पडतो. तबलजी मोठ्या बोलांच्या मधली जागा बोटांनी हलकेच भरतो ना, तसंच काहीसं. हे ठोके म्हणजे ड्रमरचा निम्मा अभ्यास असतो. आणि नेमके हेच ठोके स्वस्त सेट खातो. त्यात सगळी पॅडं एकाच नळ्यांच्या सांगाड्यावर बसवलेली असतात. एकावर जोरात मारलं की सांगाडा हलतो आणि पलीकडचा टॉम न वाजवता स्वतःच वाजतो! यावर उपाय म्हणून मोड्यूलमध्ये थ्रेशोल्ड वाढवायचा, म्हणजे अमुक इतक्या जोराखालच्या हालचालीकडे लक्षच द्यायचं नाही असं कारकुनाला सांगायचं. भूत जातं. त्याबरोबर घोस्ट नोट्सही जातात. थ्रेशोल्ड खाली आणला की त्या येतात, आणि टॉमचं भूतही येतं. अशा कित्येक संध्याकाळी पेचकस आणि मेनू यांच्यात जातात.

बरं, शिकणारा पोरगा यातून काय शिकतो? हळू मारलं की ऐकू येत नाही, म्हणून जोरात मारा. सहा महिन्यांत त्याचा प्रत्येक ठोका एकाच वजनाचा होतो. "हात बसू दे" म्हणणाऱ्यांनो, हात बसलाच की! पण कसा बसला? ही सवय मोडायला नंतर दुप्पट वेळ लागतो, तो वेळ कुठल्या खात्यात धरायचा?

हायहॅटचं दुखणं तर आणखी वरचं. खरा हायहॅट म्हणजे स्टँडवर समोरासमोर बसवलेल्या दोन झांजा, पायाने उघडमीट होणाऱ्या. पूर्ण बंद आणि पूर्ण उघड्या यांच्या मधे पायाच्या दाबाप्रमाणे शंभर छटा. सगळी मजा त्या मधल्या सळसळीत. स्वस्त सेटमध्ये झांज एका दांड्यावर ठोकून बसवलेली असते आणि पायाखाली एक सुटं पेडल, बहुतेक वेळा विजेच्या बटणासारखं. चालू, बंद. फार तर मधे एखादी पायरी. या पेडलवर वर्षभर रियाज केलेला पाय खऱ्या हायहॅटवर ठेवा, त्या पायाला काही म्हणजे काही येत नसतं.

आता बादली. शिवमणींची बादली, कुणाचा पत्र्याचा डबा, वर्गातला बाक, आईने लपवून ठेवलेलं ताट. ही सगळी उत्तम वाद्यं आहेत, कारण ती खोटं बोलत नाहीत. डब्यावर हळू मारा, हळू वाजतो. कडेला मारा, वेगळा वाजतो. त्यात कारकून नाही. गणपतीत ताशाची तर्री ऐकता ना? तो ताशा काही लाखांचा नसतो, पण काठीची प्रत्येक थरथर जशीच्या तशी बाहेर पडते. माझं भांडण स्वस्त वाद्याशी नाहीच आहे. माझं भांडण खोट्या वाद्याशी आहे. बेसूर पट्ट्यांच्या पेटीवर मुलाला सरगम शिकवणाऱ्या मास्तरांना आपण "व्वा, काय साधी राहणी" म्हणतो का?

जुना इतिहासही माझ्याच बाजूने आहे. १९८१ साली इंग्लंडमध्ये डेव्ह सिमन्सच्या कंपनीने एसडीएस-५ हा सेट आणला. षटकोनी पॅडं, दिसायला एकदम अंतराळयान. पण वरचा पृष्ठभाग टणक पॉलिकार्बोनेटचा, पोलिसांच्या ढालींना असतो त्या जातीचा. वाजवणाऱ्यांची मनगटं आणि कोपरं दुखायला लागली. त्यांनी तक्रार केली, म्हणून पुढे पॅडांवर रबर आलं. १९९७ साली रोलंडने रेमो कंपनीच्या मदतीने टीडी-१० बरोबर जाळीचं कातडं आणलं, जे खऱ्या ड्रमसारखं ताणता येतं. (जाळी खऱ्या कातड्यापेक्षा थोडी जास्तच उसळते, हे मान्य.) २०१६ साली टीडी-५० बरोबर १४ इंची डिजिटल स्नेअर आला. त्यात एकाऐवजी अनेक सेन्सर आहेत, ठोका मध्यात पडला की कडेला ते कळतं, आणि हात कातड्यावर ठेवून क्रॉस-स्टिक वाजवली तर तेही ओळखता येतं. त्या त्या वेळच्या ड्रमरांना कुणी "नाचता येईना" म्हणून गप्प बसवलं असतं तर आपण अजून ढालीच बडवत बसलो असतो.

दुसरा एक गट आहे, त्यांना थोडक्यात आटोपतो. हे म्हणतात, "इलेक्ट्रॉनिक म्हणजे नकली. घ्यायचा तर खरा ड्रम घे." या थोर लोकांना मी माझ्या इमारतीत राहायला बोलावतो. खरा ड्रम सेट शंभर डेसिबलच्या वर सहज जातो, सोसायटीच्या पुढच्या मीटिंगला तुम्ही या. आणि नकली म्हणजे काय हो? मोठमोठे गायक इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी लावून रियाज करतात, त्यांना कोणी नकली म्हणत नाही. आपल्याकडचे ऑर्केस्ट्रे आणि बँजो पार्ट्या ऑक्टोपॅडवर चालतात, तो काय सुतार घडवतो? डेफ लेपर्डचा रिक अ‍ॅलन १९८४ च्या शेवटच्या दिवशी अपघातात डावा हात गमावून बसला. त्याच्यासाठी इलेक्ट्रॉनिक सेट तयार झाला, डाव्या हाताचं काम डाव्या पायाच्या पेडलांवर, आणि १९८६ मध्ये तो डॉनिंग्टनच्या हजारोंच्या गर्दीसमोर वाजवत होता. त्याला सांगा जाऊन, नकली आहे म्हणून.

दुकानदारांवर मात्र माझा खरा राग आहे. "साहेब, यात सातशे आवाज आहेत!" सातशे आवाज घेऊन काय लोणचं घालू? आयुष्यभर मी पाच-सहा वापरणार, आणि चांगले आवाज तर लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअरमधूनही मिळतात. जे लॅपटॉप देऊ शकत नाही ते म्हणजे काठीच्या टोकाला जे घडलं त्याची नीट नोंद. म्हणून पैसे घालायचेच तर स्नेअर, हायहॅट आणि राइड या तीन गोष्टींत घालावेत, आणि त्यांना समजून घेईल अशा मोड्यूलमध्ये. टॉम जुनेच ठेवले तरी बिघडत नाही. तेवढेही पैसे नसतील तर रबराचं साधं प्रॅक्टिस पॅड घ्या आणि काठ्यांची एक बरी जोडी. काही शे रुपयांत काम होतं. मुलासाठी माझा जुना सेट मागायला आलेल्या एका गृहस्थांना मी हेच सांगितलं. त्यांना वाटलं मला सेट द्यायचा नाहीये.

एक गोष्ट महागड्या सेटनेही सुटत नाही, ती म्हणजे बेस ड्रमचं पेडल. हेडफोनमध्ये गोड वाजतं, पण धक्का थेट स्लॅबमध्ये जातो आणि खालच्यांच्या छतातून "धप्प" म्हणून उतरतो. यावर दोन प्लायवुडच्या मधे टेनिसचे चेंडू बसवून केलेला चौथरा हा उपाय बराच चालतो, मी तो केलाही आहे. तरी खालच्या मजल्यावरच्या काकू दुपारी दोन ते चार झोपतात, तेव्हा पेडलला पाय लावायचा नाही असं आमचं ठरलंय. बाकी वेळी त्यांची हरकत नाही. म्हण ऐकवली नाही अशा त्या एकट्याच.