‘घरचं दुखणं’ म्हणजे नेमकं कोणत्या घरचं?

मधुमेहाने नजर गेलेल्या बाईचा विषय निघाला की आमच्या खोडद-नारायणगाव भागात एक वाक्य हमखास कानावर येतं : ‘‘त्यांच्या घरातच आहे ते. सासूचे डोळे गेले, आता सुनेचे.’’ ऐकणारे मान हलवतात आणि विषय तिथेच संपतो. पण या वाक्यात केवढा घोळ आहे, ते जरा पाहू या. आतेच्या घरी दिलेली भाची सोडली तर सासू आणि सून यांचं सहसा रक्ताचं नातंच नसतं. सासूचं आनुवंशिक दुखणं सुनेत उतरणार कसं? दोघींनी वाटून घेतलेली असते ती चूल, शेतातलं काम, सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं जेवण्याची रीत आणि ‘माझं काय एवढं’ म्हणत स्वतःचं दुखणं मागे टाकण्याची सवय. याला आनुवंशिकता म्हणत नाहीत. याला बाईचं घरातलं स्थान म्हणतात.

याचा अर्थ आनुवंशिकता खोटी आहे, असा मुळीच नाही. मधुमेहात रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. त्या पाझरू लागतात, बंद पडतात, मग तिथे नव्या, नाजूक वाहिन्या फुटतात आणि त्यांतून रक्तस्राव होतो. पण सारख्याच वर्षांचा मधुमेह आणि सारखीच साखर असलेल्या दोघांपैकी एकाचा पडदा लवकर बिघडतो, दुसऱ्याचा बराच काळ चांगला राहतो. असं का, हा प्रश्न संशोधकांना जुनाच आहे. चेन्नईतल्या संशोधकांनी २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. मधुमेही भावंडांपैकी एकाच्या डोळ्याचा पडदा बिघडलेला असेल, तर दुसऱ्यालाही तो त्रास असण्याचा संभव सुमारे तिप्पट असतो, असं त्यात दिसून आलं. म्हणजे रक्ताच्या नात्याचा काहीतरी वाटा आहे, हे नक्की.

पण तो वाटा कोणत्या जनुकाचा? जगभर हजारो रुग्णांचे नमुने तपासून झाले. बरीच नावं पुढे आली, पण एकाच जनुकावर बोट ठेवून ‘हिचे डोळे जाणार’ असं सांगता येईल, इतका ठाम पुरावा मिळालेला नाही. छोटे छोटे अनेक फरक मिळून थोडीफार जोखीम वाढवतात, एवढंच म्हणता येतं. खुद्द मधुमेहाचीही तीच गोष्ट. हैदराबादच्या आणि पुण्याच्या संशोधकांनी मिळून २००७ साली दाखवून दिलं की एका जनुकातला ठराविक फरक आपल्याकडच्या मधुमेही माणसांत जास्त आढळतो. पण तो फरक असूनही मधुमेह न झालेली माणसं पुष्कळ आहेत, आणि तो नसूनही झालेली आहेत.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून आपल्याच जिल्ह्यातल्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. इथलं बाळ जन्मतः सरासरी २.७ किलोचं, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचं ३.५ किलोचं. पण आपलं बाळ नुसतं लहान नव्हतं. त्याच्या अंगात स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. पुढच्या मधुमेहाची पायाभरणी पोटातच होत असावी, आणि त्यात आईच्या आहाराचा, विशेषतः बी-१२ जीवनसत्त्वाचा संबंध असावा, असं या कामातून पुढे आलं. म्हणजे आईकडून मुलाला जे मिळतं ते सगळंच जनुकांतून मिळत नाही. तिच्या ताटात काय वाढलं गेलं, तेही मुलाला मिळतं. ‘आईकडून आलं’ हे वाक्य सर्रास बोललं जातं, पण ‘आईला काय मिळालं’ हा प्रश्न कोणी विचारत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. तिसाव्या वर्षापुढच्या प्रत्येकाची माहिती आशाताई एका सरकारी तक्त्यात भरतात. आई-वडील किंवा भावंडांपैकी कोणाला मधुमेह, रक्तदाब, हृदयरोग आहे का, असा प्रश्न त्यात असतो. प्रश्न अगदी योग्य आहे. पण लग्न झालेल्या बाईच्या बाबतीत त्याचं उत्तर तिच्या माहेरी असतं. ती अठराव्या-विसाव्या वर्षी तिथून निघाली. वडिलांना साखर कधी निघाली, थोरल्या बहिणीच्या डोळ्यांवर लेसर कधी झालं, हे तिला कळतंच असं नाही. शिवाय पुष्कळदा तक्ता भरताना उत्तर देतात ते सासरे किंवा नवरा. मग ‘घरात कोणाला आहे का’ याचं उत्तर सासरच्या माणसांवरून दिलं जातं. कागदावर माहिती भरली जाते, पण ती बाईची नसते.

उलट बाजूनेही तेच होतं. भावाच्या डोळ्याचा पडदा बिघडलेला निघाला, की डॉक्टर सांगतात, ‘‘घरच्यांचीही तपासणी करून घ्या.’’ मग तपासायला येते ती बायको. तिची तपासणी व्हावीच, पण ज्यांना रक्ताच्या नात्याने जोखीम आहे त्या बहिणी मंचरला, ओतूरला, घोडेगावला नांदत असतात. त्यांना निरोपही जात नाही. वंशावळीत मुलीचं नाव नसतं, वाटणीच्या वेळी हक्कसोड लिहून घेतला जातो, आणि तब्येतीच्या इतिहासातूनही तिचं नाव असंच गळून जातं.

निरोप न जाण्याचं आणखी एक कारण आहे, ते भीतीचं. ‘त्यांच्यात डोळ्यांचं आहे’ असा बोभाटा झाला, तर धाकटीचं लग्न कसं जमायचं? म्हणून आई आपलं दुखणं झाकते, मुलीही झाकतात. मुलाच्या स्थळाच्या बाबतीत मात्र ही चौकशी क्वचितच होते. शहरांत आता जनुकांच्या तपासणीच्या जाहिराती दिसतात. असा एखादा अहवाल उद्या पत्रिकेशेजारी मांडला गेला, तर त्याचा जाच कोणाला होईल, हे आपल्याला सांगायला नको. जो अहवाल डोळे जाणार की राहणार हे सांगूच शकत नाही, त्यावरून मुलगी नाकारली जाऊ शकते. म्हणून आनुवंशिकतेची माहिती ही ज्याची त्याची खासगी बाब राहिली पाहिजे, हा आपला आग्रह आतापासूनच हवा.

अजून एका गोष्टीकडे लक्ष वेधायचं आहे. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी ही रक्ततपासणी आता सगळीकडे होते. ती तांबड्या पेशींवर अवलंबून असते. जी-सिक्स-पीडी नावाच्या घटकाची जन्मजात कमतरता असेल तर तांबड्या पेशी लवकर मरतात आणि साखर आहे त्यापेक्षा कमी दिसू शकते. नंदुरबार-गडचिरोलीकडच्या आदिवासी भागांत आढळणाऱ्या सिकलसेलमध्येही हा आकडा फसवा निघू शकतो. उलट लोहाच्या कमतरतेने पंडुरोग झालेल्या बाईत तो खोटाच वाढलेला दिसतो, आणि आपल्या बायांत पंडुरोग किती आहे ते वेगळं सांगायला नको. म्हणजे जनुकांतला फरक काही वेळा डोळ्याला थेट इजा करत नाही, तो आजार लपवतो. आकडा चांगला म्हणून बाई निर्धास्त राहते आणि पडदा बिघडत जातो. म्हणून केवळ रक्ताच्या कागदावर समाधान मानू नये. डोळ्याचा पडदा प्रत्यक्ष पाहिलाच पाहिजे.

आणि पाहिला तर उपाय आहेत. अमेरिका-कॅनडात १९९३ साली पूर्ण झालेल्या मोठ्या अभ्यासात, इन्सुलिन घेणाऱ्या लहान वयातल्या मधुमेहींनी साखर काटेकोर सांभाळली तेव्हा पडद्याचा आजार सुरू होण्याची जोखीम ७६ टक्क्यांनी घटली. इंग्लंडमध्ये १९९८ साली दिसलं की मोठ्या वयात मधुमेह झालेल्यांचा रक्तदाब ताब्यात ठेवला तर पडदा आणखी बिघडण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी होतं. जनुक कोणतंही असो, एवढं आपल्या हातात आहे. पडद्यात बिघाड झालाच, तर लेसर आहे, डोळ्यात देण्याची इंजेक्शनं आहेत. पण सुरुवातीला दुखत नाही, दिसायलाही कमी येत नाही. कमी दिसू लागेपर्यंत वाट पाहिली तर गेलेली नजर बहुतेक वेळा पूर्ण परत येत नाही.

देशभरात २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, चाळिशीपुढच्या मधुमेहींपैकी सुमारे १२.५ टक्के लोकांच्या पडद्यावर हा परिणाम आढळला. उपचार फार दूर आहेत असंही नाही. नारायणगावला मोहन ठुसे नेत्र रुग्णालय आहे. ते उभं करणारे डॉ. मनोहर डोळे यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. अडचण मधल्या वाटेची आहे. डोळ्यात थेंब घातले की काही तास धूसर दिसतं, त्यामुळे सोबत माणूस लागतो. कांदालावणीच्या किंवा टोमॅटो तोडणीच्या दिवसांत दोघांचा रोज बुडतो. नवऱ्यासाठी तो बुडवला जातो, बायकोसाठी ‘पुढच्या महिन्यात बघू’ होतं.

म्हणून आपल्या मागण्या साध्या आहेत. मधुमेह निघाल्याबरोबर आणि नंतर दरवर्षी पडद्याचा फोटो काढण्याची सोय प्राथमिक आरोग्य केंद्रातच हवी. थेंब न घालताही फोटो घेणारे कॅमेरे आता आहेत. तो फोटो तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या डॉक्टरांना पाठवता येतो. आधीपासून मधुमेह असलेली बाई गरोदर राहिली तर पहिल्या तिमाहीतच तिचे डोळे पाहिले जावेत, कारण गरोदरपणात हा आजार वेगाने वाढू शकतो. आशाताईंचा तक्ता बाईशी, एकटीशी बोलून भरला जावा आणि त्यात माहेरची माहिती वेगळी विचारली जावी.

आणि मैत्रिणींनो, एक काम आपलंही आहे. राखीपौर्णिमेला, दिवाळीला आपण माहेरी जातो. या वेळी आईला, भावाला, बहिणींना सरळ विचारू या : साखर कोणाला आहे, डोळे कोणी तपासले, काय निघालं? आणि आपलं दुखणं त्यांना सांगू या. खोडदच्या माळावर तीस महाकाय दुर्बिणींमधल्या कित्येक उभ्या आहेत, अब्जावधी मैलांवरून येणारे क्षीण संकेत त्या टिपतात. ज्या देशाला हे जमतं, त्याला आपल्या गावातल्या बाईच्या डोळ्याच्या पडद्याचा फोटो वर्षातून एकदा काढणं जमलंच पाहिजे. ते जमेपर्यंत ‘घरातच आहे ते’ म्हणून कोणी मान हलवली, तर तिथेच विचारायला हवं : कोणत्या घरात? आणि त्या घराने तिच्यासाठी काय केलं?