घरखर्चाची वही : वातानुकूल यंत्र बदलतांना

वातानुकूल यंत्र, ज्यास आपण सर्व ए. सी. म्हणतों, तें आतां केवळ श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतील वस्तु राहिलेलें नाहीं. हप्त्यांच्या सोयीमुळें तें मध्यम स्थितींतील घरांत शिरून बरींच वर्षें लोटलीं, आणि त्या वेळीं घेतलेलीं यंत्रें आतां एकामागून एक थकूं लागलीं आहेत. नागपूरच्या एका वाचक-भगिनींनीं याविषयींच आम्हांस विचारलें आहे. २०१३ सालीं घेतलेलें त्यांचें दीड टनी यंत्र गार हवा देईनासें झालें; मिस्त्री म्हणतो, "बदला." घरांत सासरे वृद्ध व दम्याचे, मिळकत म्हणजे त्यांचें निवृत्तिवेतन आणि यजमानांचा पगार. तेव्हां हा प्रश्न हौसेचा नव्हे.

प्रथम, "बदला" हा निकाल मान्य करण्याची घाई करूं नये. यंत्र गार न करण्याचीं कारणें पुष्कळ, आणि त्यांतील कित्येक अगदीं क्षुल्लक असतात. कॉईलवर धूळ बसली तरी थंडावा कमी होतो. कपॅसिटर नांवाचा कांहीं शें रुपयांचा एक भाग जळला, तर कॉम्प्रेसर सुरूच होत नाहीं. मग कॉम्प्रेसरच गेला अशी घरच्यांची समजूत करून देणें मुळींच अवघड नसतें. गॅसविषयींही असाच गैरसमज रूढ आहे. तो समईंतील तेलासारखा जळून संपत नाहीं. बंद नळ्यांतून तोच तो फिरत असतो. ज्या घरीं दर उन्हाळ्यांत गॅस भरावा लागतो, तेथें कोठें तरी गळती असलीच पाहिजे. ती न शोधतां गॅस भरणें म्हणजे फुटक्या रांजणांत पाणी ओतणें होय.

तथापि आमच्या भगिनींच्या यंत्राची गोष्ट थोडी निराळी आहे. त्या सुमाराच्या बहुतेक यंत्रांत आर-२२ हा वायु असे. त्यानें वातावरणांतील ओझोनचा थर क्षीण होतो, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारान्वयें तो क्रमाक्रमानें बंद होत आहे, व आपल्याकडे नव्या यंत्रांत तो घालण्यास १ जानेवारी २०२५ पासून मनाई झाली. जुन्यांच्या दुरुस्तीपुरता तो मिळतो. हल्लींचा आर-३२ त्यांत भरून चालत नाहीं. त्याचा दाब बराच अधिक, शिवाय तो पेट घेऊं शकतो. कोणी मिस्त्री स्वस्तांत भरून देतों म्हणाला, तर त्यास दारांतूनच परत पाठवावें. म्हणून अशा यंत्राची कॉईल गळूं लागली वा कॉम्प्रेसर खरोखरच बसला, तर त्यावर आठ-दहा हजार घालण्यापेक्षां तें काढणेंच बरें.

आतां खर्चाकडे वळूं. यंत्रावरील जी. एस. टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेंकडा २८ वरून १८ वर आला, हें खरें. पण पाटीवरची किंमत म्हणजे सगळा खर्च नव्हे. तींत साधारणतः तीन मीटर तांब्याची नळी येते. बाहेरचा भाग गच्चीवर असला तर अंतर दहा-बारा मीटर सहज भरतें. वरच्या प्रत्येक मीटरचे पैसे वेगळे, आणि तांबें स्वस्त नाहीं. जुनीच नळी वापरली तर? आर-२२ च्या नळींत उरलेलें तेल नव्या यंत्राच्या तेलाशीं जमत नाहीं, व नळीची जाडीही अपुरी असूं शकते. सबब ती बदलणेंच इष्ट. पण ती भिंतींत पुरलेली असेल, तर फोडतोड, गिलावा व रंग हा खर्च ए. सी. च्या बिलांत कोठेंही दिसत नाहीं आणि निमूटपणें घरधन्याच्या अंगावर येतो. शिवाय लोखंडी स्टँड, पाणी जाण्याची नळी, स्टॅबिलायझर, आणि जुन्या इमारतींत स्वतंत्र वायरिंग! या साऱ्याचा आंकडा पैसे देण्यापूर्वीं दुकानांतच लिहून मागावा. जोडणीच्या वेळीं नळींतील हवा पंपानें ओढून काढावयास लावावी. गॅस सोडून हवा ढकलण्याची रीति झटपट खरी, पण तींत हवा व दमटपणा आंत राहून जातो.

"पांच तारे पाहा आणि डोळे मिटून घ्या," असा उपदेश सर्वत्र ऐकूं येतो. तो सर्वांस लागू नाहीं. मुळांत तारेच स्थिर नसतात. २०१८ मध्यें ४.५ गुणांकाच्या स्प्लिट यंत्रास पांच तारे मिळत; जुलै २०२२ पासून त्यांसाठीं ५ लागूं लागला, व कालचें पांच ताऱ्यांचें यंत्र चारांवर आलें. म्हणून तारे न मोजतां चिठ्ठीवरील वार्षिक युनिटें वाचावीं. तीं १६०० तासांच्या वापरावर काढलेलीं असतात. समजा, एका यंत्रावर १००० व दुसऱ्यावर ७६० युनिटें आहेत, आणि दुसरें आठ हजारांनीं महाग आहे. युनिटास १० रुपये धरल्यास वर्षाला २४०० रुपये वांचतात. जास्तीचे पैसे साडेतीन वर्षांच्या आंत वसूल होतात. पण जेथें एप्रिल-मेमध्यें रात्रीं आठ तासच यंत्र चालतें, तेथें तास भरतात सुमारें ४८०, बचत होते ७२० रुपये, आणि आठ हजार वसूल व्हावयास अकरा वर्षें लागतात! तोंवर यंत्रच म्हातारें होईल.

आमच्या भगिनींच्या घरीं मात्र सासऱ्यांच्या खोलींत मार्चपासून जूनपर्यंत दुपारीं व रात्रीं मिळून चौदा तास यंत्र चालतें. म्हणजे हिशेब १६०० तासांच्याही वर जातो. त्यांनीं महाग यंत्र अवश्य घ्यावें. खोली लहान असून माथ्यावर गच्ची नसेल, तर दीडऐवजीं एक टन पुरेल काय, हेंही विचारावें. उरलेल्या खोल्यांस नागपूरच्या कोरड्या हवेंत वाळ्याचा कूलर पुरतो. मुंबईकरांस ही सोय नाहीं. तेथील दमट हवेंत कूलर नुसता चिकचिकाट करतो.

जुन्या यंत्रांत तांबें व ॲल्युमिनियम असतें. दुकानदार अदलाबदलींत जी रक्कम वजा करतो, ती भंगारवाल्याच्या भावाशीं ताडून पाहावी, आणि आंतील वायु मोकळ्या हवेंत न सोडतां काढून घेणाऱ्याकडेच तें द्यावें.