मेटल डिटेक्टर कोणता घ्यावा? खरेदीआधी वाचावा असा धागा

१/
मार्च २०२५. ‘छावा’ चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर मोगली सोने पुरले असल्याची अफवा उठली आणि बुऱ्हाणपूरजवळ, असीरगडाच्या परिसरातील शेतांत, रात्रीच्या वेळी लोक टॉर्च आणि मेटल डिटेक्टर घेऊन उतरले. तेव्हापासून “चांगले यंत्र कोणते?” हा प्रश्न इतिहासप्रेमी तरुणही विचारू लागले आहेत. यंत्रांच्या वैशिष्ट्यांची तुलना करूच. मात्र ती इतिहासाच्या बाजूने करू.

२/
आधी यंत्राची रीत. कॉइलमधून सतत बदलणारा विद्युत्प्रवाह सोडला की भोवती चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. ते पुरलेल्या धातूत क्षीण प्रवाह जागवते आणि त्या प्रवाहाचे प्रतिक्षेत्र यंत्र टिपते. म्हणजे यंत्राला कळतो तो केवळ धातू. त्या धातूचा काळ, मालक किंवा तेथे येण्याचे कारण त्याला कळत नाही.

३/
छंदिष्टांची यंत्रे मुख्यतः दोन जातींची. ‘व्हीएलएफ’ यंत्र प्रतिसादाच्या विलंबावरून धातूचा अंदाज बांधते: लोखंडाचा आकडा खालचा, चांदी-तांब्याचा वरचा. ‘पल्स इंडक्शन’ यंत्र प्रवाहाचे झटके सोडते. खारी वाळू आणि लोहयुक्त जमीन यांत ते अधिक खोल जाते, पण धातूंमधला भेद ओळखण्यात कच्चे असते.

४/
दख्खनचा काळा पाषाण आणि कोकणचा जांभा या दोहोंत लोहखनिजे आहेत. त्यामुळे येथे जमीनच यंत्राला साद घालते. तो आवाज वजा करण्याच्या सोयीला ‘ग्राउंड बॅलन्स’ म्हणतात. ती नीट नसेल, तर महागडे यंत्रही दगडालाच मोहरांचा हंडा समजते.

५/
सर्वाधिक मिरवले जाणारे वैशिष्ट्य म्हणजे खोली. वास्तवात एकट्या नाण्याचा पत्ता साधारणतः वीतभर खोलीपर्यंतच लागतो. मोठी कॉइल मोठ्या वस्तू खोलवर टिपते, पण बारीक वस्तू निसटतात आणि शेजारच्या दोन वस्तू एक भासतात.
पुरातत्त्वाला भय आहे ते याच खोलीचे. नांगराने ढवळलेल्या मातीतली वस्तू आधीच जागेवरून हललेली असते. त्याखालचा अस्पर्श थर हा खरा दस्तऐवज आहे, आणि ‘अधिक खोली’ नेमकी तेथे फावडे घालायला लावते.

६/
दुसरे लाडके वैशिष्ट्य ‘डिस्क्रिमिनेशन’, अर्थात लोखंड वगळण्याची सोय. एखाद्या गडावर लोखंड वगळले, तर काय उरेल? खिळे, घोड्यांचे नाल, बाणांची टोके, लोखंडी तोफगोळे, सारे बाद! सोनेनाणे शोधणाऱ्याला जो कचरा वाटतो, त्यातच त्या गडावरच्या सामान्य शिपायाचे आयुष्य असते.

७/
याच यंत्राचा विधायक उपयोगही झाला आहे. अमेरिकेतील लिटल बिगहॉर्न या १८७६ च्या रणभूमीवर १९८३ मध्ये वणवा लागून गवत जळाले. पुढील दोन वर्षे पुरातत्त्वज्ञांनी छंदिष्ट स्वयंसेवकांसह तेथे मेटल डिटेक्टर फिरवले. प्रत्येक वस्तूची जागा नकाशावर नोंदली. काडतुसांवरील आघातखुणा जुळवून एकेका बंदुकीचा रणांगणावरील प्रवास उलगडला. काडतुसे केवळ वेचून नेली असती, तर उरले असते फक्त पितळ.

८/
इंग्लंडमधील हॉक्स्ने गाव, १९९२. एरिक लॉज हे गृहस्थ मित्राचा हरवलेला हातोडा शोधत होते. हाती लागला रोमनकालीन ठेवा. त्यांनी खणणे थांबवून कळवले. मग पुरातत्त्वज्ञांना सुमारे १५,००० नाण्यांबरोबरच लाकडी पेटीच्या खुणा, चिमुकली चांदीची कुलुपे आणि वस्तूंची मूळ मांडणीही मिळाली. तो हातोडाही आज ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात आहे.

९/
उलट उदाहरण हेरफर्डशरचे. २०१५ मध्ये दोघांनी व्हायकिंगकालीन ठेवा शोधला आणि लपवला. नाणी सुमारे ३०० असावीत असा अंदाज. हाती लागली तीसेक. वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा दुसरा केओलवुल्फ यांच्या सख्याची साक्ष देणारी नाणी त्यांत होती. २०१९ मध्ये दोघांना तुरुंगवास झाला, पण विखुरलेला पुरावा परतला नाही.

१०/
आता आपल्या अंगणात येऊ. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगलटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. १३,००० हून अधिक नाणी. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उमटवलेला. क्षहरातांवरील सातवाहनांच्या विजयाचा हा ठळक पुरावा.

११/
यातले एकच नाणे बाजारात आले असते, तर ती एक मौजेची वस्तू ठरली असती. हजारो नाणी एकत्र मोजता आली, म्हणून सत्तांतर दिसले. साठा फुटला की प्रमाण हरवते, आणि प्रमाण हरवले की इतिहास मुका होतो.

१२/
कायदाही स्पष्ट आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. न कळवणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. संरक्षित स्मारकाच्या हद्दीत विनापरवाना खणणे हा तर स्वतंत्र गुन्हा.

१३/
“ब्रिटनमध्ये चालते, मग येथे का नको?” आक्षेप रास्त आहे. परंतु तेथे जमीनमालकाची संमती लागते, १९९६ चा ट्रेझर ॲक्ट आहे आणि छंदिष्टांच्या वस्तू नोंदवणाऱ्या तज्ज्ञांचे देशव्यापी जाळे आहे. त्यांनी दहा लाखांहून अधिक वस्तू नोंदल्या आहेत. आपल्याकडे असे जाळे नाही. यंत्र आयात करणे सोपे. जाळे उभारणे अवघड. मागणी करायची तर त्या जाळ्याची करावी.

१४/
म्हणून माझे मत: आजच्या स्थितीत गडकोटांवर आणि जुन्या पांढरीच्या टेकाडांवर कोणतेही यंत्र, कितीही उत्तम असले तरी, नेऊ नये. शोधाची ओढ खरी असेल, तर नाणी वाचायला शिका. अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. विद्यापीठांच्या उत्खननांत हात लावण्याची संधी मागा. नांगरटीत कोणाला काही सापडले, तर जागेचे छायाचित्र घ्या, अधिक खणू नका आणि लगेच कळवायला लावा.

१५/
तुमच्या गावात सापडलेल्या एखाद्या ठेव्याची गोष्ट ठाऊक असेल, तर खाली अवश्य लिहा. मात्र नेमकी जागा लिहू नका. ती वाचणाऱ्यांत मेटल डिटेक्टर घेऊन बसलेलाही कोणी असू शकतो.