ओठांना जीभ लावू नका

निफाडचा पारा किती घसरला याची बातमी येते आणि त्याच आठवड्यात घरोघरी ओठ उलायला लागतात. पहाटेच्या गारठ्यात उसाच्या फडात उतरणारे मजूर, दुचाकीवरून कामावर जाणारे, मैदानात प्रार्थनेला उभी राहणारी पोरं, सगळ्यांची तक्रार एकच. ओठ ओढल्यासारखे होतात, हसलं की चीर पडते, रस्सा तिखट असला की डोळ्यांत पाणी येतं. मग जो तो ओठांवरून जीभ फिरवत बसतो, आणि दुखणं तिथूनच वाढतं.

ओठांची कातडी फार पातळ असते. अंगाला तेलकट ठेवणाऱ्या ग्रंथी ओठांच्या लाल भागात नसल्यातच जमा, घामही तिथे येत नाही. म्हणजे कोरड्या वाऱ्यापुढे ओठ उघडेच. थुंकी लावली की घटकाभर बरं वाटतं, पण वाळताना ती ओठांतली होती नव्हती तेवढी ओलही घेऊन जाते. शिवाय थुंकी असते अन्न पचवायला. तिच्यातले पाचक रस कोवळ्या कातडीला झोंबतात. काही मुलांच्या तोंडाभोवती हिवाळ्यात लालसर कडं उमटतं, ते बहुतेक वेळा या चाटण्याचंच असतं. नायटा समजून दुकानातून मलम आणू नका. अशा मलमांत अनेकदा स्टिरॉइड असतं आणि चेहऱ्यावर ते महागात पडतं. मुलाला रागावूनही उपयोग होत नाही. शाळेत जाताना आणि झोपताना ओठांना आणि त्या कड्यालाही जाडसर व्हॅसलिन फासा.

औषध म्हणाल तर ते स्वस्त आहे. कोकणात कोकमाच्या बिया वाळवून, कुटून पाण्यात उकळतात. वर आलेलं तेल थिजलं की त्याचे गोळे वळून ठेवतात. मुठेल म्हणा, भिरंडेल म्हणा, टाचांच्या भेगांना लावायचं तेच ओठांनाही चालतं. हे तेल घट्ट असतं, म्हणून जरा तापवून पातळ करा, पण कोमट झाल्यावरच लावा. ते मिळालं नाही तर बिनवासाची साधी पेट्रोलियम जेली घ्या, नाहीतर घरचं साजूक तूप. यातलं काहीही ओठांना पाणी देत नाही, असलेलं पाणी अडवून धरतं. म्हणून तोंड धुतल्यावर ओठ जरा ओलसर असतानाच लावायचं, आणि रात्री झोपताना चुकवायचं नाही. दिवसभर उन्हात काम असेल तर उन्हापासून वाचवणारा, एसपीएफ ३० लिहिलेला लिप बाम आणि डोक्यावर रुंद काठाची टोपी हवी.

लिंबू-मध, साखरेने घासणं, निघालेली सालपटं दातांनी ओढणं हे सगळं बंद करा. सालपट ओढलं की खालची कच्ची कातडी उघडी पडते. पुदिना, मेंथॉल, कापूर घातलेले बाम लावल्यावर गार वाटतं, ते गार वाटणं म्हणजे गुण नव्हे. चिरलेल्या ओठांना त्यांनी उलट चुरचुर होते. काहींना टूथपेस्टच सोसत नाही, त्यांनी ती बदलून पाहावी. बेंबीत तेल घातलं की ओठ मऊ होतात, असं सांगणारं माणूस प्रत्येक घरात एक तरी असतंच. बेंबीतून ओठांकडे जाणारी वाट काही नाही. घालायचं तर खुशाल घाला, फक्त बोटाला उरलेलं ओठांवर फिरवा.

एवढं करून पंधरा दिवसांत फरक पडला नाही, तर थंडीला दोष देणं थांबवा. नाक चोंदून तोंडाने श्वास घेणाऱ्यांचे ओठ बाराही महिने सुकतात. तिथे इलाज नाकाचा करावा लागतो. मुरमांवरच्या काही गोळ्यांनीही ओठ सोलतात. ओठांचे कोपरेच फाटत असतील तर ती तऱ्हा वेगळी. कवळी नीट न बसणारे आजी-आजोबा आणि मधुमेह असलेले यांच्या कोपऱ्यांत बुरशी धरते. अंगात रक्त कमी असलं, लोह किंवा ब जीवनसत्त्व कमी पडलं, तरी कोपरे चिरतात. त्यावर नुसतं तूप चोळून भागत नाही, तपासणी करून घ्यावी लागते.

आणि तंबाखूची गोळी ओठाखाली धरणाऱ्यांना, मिश्री लावणाऱ्या मावश्यांना कळकळीचं सांगणं. ओठावर पांढरा चट्टा दिसला, हाताला टणक गाठ लागली किंवा एखादी जखम दोन-तीन आठवडे भरलीच नाही, तर तिला उलणं म्हणू नका. ती दुखत नसली तरी दाखवा. ओठाचा कर्करोग लवकर सापडला तर बरा होतो. जिल्हा रुग्णालयात दातांचा विभाग असतो. केसपेपर काढा आणि याच आठवड्यात दाखवून या.