यंत्राला अनुदान, बटाट्याला नाकाबंदी



बटाटा लावायचे यंत्र म्हणजे आपल्या तिफणीचेच भावंड. ट्रॅक्टरच्या एका फेरीत सरी पडते, यंत्राच्या वाट्या ठराविक अंतरावर बेणे सोडतात, मागचा रिजर माती ओढून वरंबा करतो. मजुरी वाचते, दिवस वाचतात. यंत्राला आमचा विरोध नाही.

आमचा सवाल दुसरा आहे. 2014 साली केंद्राने कृषी यांत्रिकीकरणाचे उपअभियान काढून यंत्रांना अनुदान दिले. त्याच वर्षी जूनमध्ये बटाट्याच्या निर्यातीवर टनाला 450 डॉलरची किमान किंमत लादली. जुलैत साठ्यावर मर्यादा घालण्याचे अधिकार राज्यांना दिले. पश्चिम बंगाल सरकारने तर बटाट्याचे ट्रक सीमेवर अडवले; 2024 सालीही तेच केले. लावताना पाठीवर हात, विकताना हातात बेड्या!

कोरडवाहूवाल्यांनी हे परक्याचे दुखणे समजू नये. 1972 पासून एकाधिकार खरेदीत आपलाही कापूस सीमेवर असाच अडवला जात होता.

यंत्राने खर्च वाचतो. भाव पाडणारे सरकार ती बचत काढून नेते. अनुदानाचा कागद घेऊन येणाऱ्याला एवढेच विचारा: माल विकायची मोकळीक कधी देता?