सीटवरचा डाग पुसताना

गेल्या पावसाळ्यात नारायण पेठेतील माझ्या दवाखान्यात एक आजोबा आले. चक्कर येते, लघवीला जळजळ होते, अशी त्यांची तक्रार होती. पाणी किती पिता, असे विचारताच ते गप्प झाले. मुलाने नंतर एकट्याने सांगितले की, तीन आठवड्यांपूर्वी मुंबईहून परतताना घाटात वाहतूक खोळंबली आणि आजोबांना लघवी आवरली नाही. घरात कोणी काही बोलले नाही. मात्र दुसऱ्या दिवशी वाड्यासमोर मुलगा गरम पाणी आणि ब्रश घेऊन सीट खसाखसा घासत होता, ते त्यांनी खिडकीतून पाहिले. तेव्हापासून त्यांनी पाणी जवळजवळ सोडले, आणि गाडीत बसणेही.

प्रथम डागाविषयी. घासल्याने ओल खालच्या फोममध्ये उतरते. रक्त आणि उलटी यांतील प्रथिने गरम पाण्याने कापडात घट्ट बसतात. म्हणून पाणी थंडच घ्यावे. हातमोजे घालून सुती पंचा डागावर दाबावा आणि ओल टिपून घ्यावी. मग सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने कडेकडून मध्याकडे टिपत यावे. आधी सीटच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर रंग जातो का, ते पाहावे. सीट कोरडी झाल्यावर खाण्याचा सोडा भुरभुरावा आणि काही तासांनी व्हॅक्यूमने ओढून घ्यावा. जुना वास राहिलाच, तर एन्झाइमयुक्त क्लीनर उपयोगी पडतो. सीटवर पाणी ओतू नये. खाली वायरी असतात आणि पावसाळी हवेत बुरशी धरते. दारे उघडी ठेवून सीट पूर्ण वाळवावी.

ब्लीच मात्र वापरू नये. लघवीतील अमोनियाशी किंवा व्हिनेगरशी त्याचा संयोग झाला की विषारी वायू निघतो. बंद गाडीत, विशेषतः दमेकऱ्यांना, तो धोकादायक ठरतो.

आता माणसाविषयी. लघवी अचानक आवरेनाशी होणे हे केवळ वयाचे लक्षण समजू नये. जंतुसंसर्ग, वाढलेली साखर, प्रोस्टेटची वाढ, बद्धकोष्ठता, लघवी वाढवणारी गोळी, यांपैकी काहीही कारण असू शकते आणि बहुतेकांवर उपाय आहेत. गोळी परस्पर बंद करू नये. प्रवासाच्या दिवशी ती कधी घ्यावी, हे डॉक्टरांना विचारावे. लघवी लालसर दिसली, तर पुसण्यापूर्वी डागाचे छायाचित्र घ्यावे आणि लवकर तपासून घ्यावे. उलटी कॉफीच्या चोथ्यासारखी किंवा शौच डांबरासारखे काळे झाले, तर सीट तशीच राहू द्यावी आणि आधी रुग्णालय गाठावे.

पाणी तोडणे हा उपाय नव्हे. पाणी कमी पडले की लघवी दाट होते, जळजळ वाढते, तोल जाऊन पडण्याची भीती असते. प्रवासात दीड-दोन तासांनी थांबावे, वेळ आधीच सांगून ठेवावी, गरज असल्यास डायपर वापरावा. हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारासाठी पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल, तर तेच पाळावे.

त्या आजोबांना जंतुसंसर्ग होता. औषधाने तो बरा झाला. गाडीत बसायला मात्र ते तयार नव्हते. मुलाने मग पुढच्या-मागच्या सर्वच सीटवर, स्वतःच्याही, जलरोधक कापड आणि वर पंचा अंथरला. आजोबांनी ते पाहिले आणि काही न बोलता दार उघडून आत बसले. डाग पुसाल तेव्हा तो कोणाच्या डोळ्यांदेखत पुसता आहात, एवढे पाहा.