एकाच चरातलं पाणी आणि तार

भोरजच्या फाट्यावरून बेल्याच्या रस्त्याला लागलं की जैनथ येतं. लक्ष्मीनारायणाच्या जुन्या देवळामुळे नाव दूरवर गेलेलं, पोट मात्र कापसावर. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा, अलीकडे तेलंगणा. घरात मराठी, कचेरीत तेलुगू. अशा ठिकाणी ब्रॉडबँडला वीज-पाण्याच्या रांगेत बसवावं का? माझं उत्तर हो आहे. मुलं शिकतील, जग जवळ येईल, ही कारणं खरी असली तरी मी ती बाजूला ठेवतो. त्यांवर कुणीही म्हणेल की ही सोय आहे, गरज नव्हे. माझा मुद्दा सक्तीचा आहे.

1. ज्याने सक्ती केली, त्याने वाट द्यावी.

2025-26च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने, म्हणजे सीसीआयने, हमीभावाच्या खरेदीसाठी ‘कपास किसान’ ॲपवर नोंदणी आणि स्लॉट बंधनकारक केला. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये होता. ओलावा 8 टक्क्यांच्या वर गेला की भावात कपात, 12च्या वर गेला की माल परत. कापूस वेचून घरात पडलाय, आभाळ भरून आलंय, वेचणीचे पैसे द्यायचेत, गाडीवाला तारीख विचारतोय आणि तारीख ठरवणार ॲप. ओटीपी वेळेत आला नाही, पान उघडलं नाही, तर स्लॉट दुसऱ्याचा. मग उरतो खाजगी व्यापारी, आणि तो हमीभाव द्यायला बांधलेला नाही. म्हणजे नेटवर्कची किंमत रिचार्जच्या रकमेत मोजायची नाही. ती क्विंटलमागे मोजायची.

कापूस एकटा नाही. तेलंगणात शेतजमिनीची नोंद ऑक्टोबर 2020 पासून धरणी पोर्टलवर गेली, एप्रिल 2025 मध्ये धरणी जाऊन भू भारती आली. पोर्टल बदललं, पण जमिनीचा व्यवहार ऑनलाइनच राहिला. रोजगार हमीच्या कामावर 1 जानेवारी 2023 पासून हजेरी मोबाइल ॲपवर, मजुरांचे दिवसातून दोनदा फोटो काढून. रेशनला अंगठा, पीएम-किसानला ई-केवायसी. यातलं काहीही गावाने मोर्चा काढून मागितलेलं नव्हतं. सरकारने आपल्या सोयीसाठी, आणि काही अंशी चोरी थांबवण्यासाठी, हे केलं. चोरी थांबली असेल तर आनंदच आहे. पण जुनी खिडकी बंद करून नवी उघडली, तर तिथवर नागरिक पोचेल कसा हे बघण्याचं काम खिडकी हलवणाऱ्याचं.

2. कायद्याला ही कल्पना नवी नाही.

1947च्या औद्योगिक विवाद कायद्यातच टपाल, तार आणि टेलिफोन या ‘सार्वजनिक उपयोगिता सेवा’ म्हणून नोंदल्या होत्या. तेव्हा किती खेड्यांत टेलिफोन होता? तरीही कायदा करणाऱ्यांना त्याची जागा कळली होती. विजेचं तर आणखी स्पष्ट आहे. वीज कायदा 2003च्या कलम 43 प्रमाणे अर्ज केलेल्याला ठरलेल्या मुदतीत जोडणी देणं हे वितरण कंपनीचं कर्तव्य आहे. परवडेल तिथेच देऊ, हे तिला म्हणता येत नाही. ब्रॉडबँडला आज नेमका हाच शब्द नाही: कर्तव्य.

न्यायालयं हळूहळू त्या दिशेला सरकली आहेत. केरळ उच्च न्यायालयाने 2019 मध्ये वसतिगृहातल्या एका विद्यार्थिनीच्या खटल्यात इंटरनेटचा वापर शिक्षणाच्या आणि खाजगीपणाच्या हक्काशी जोडला. एप्रिल 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ई-केवायसीच्या प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोचणं हा जगण्याच्या हक्काचाच, कलम 21चा, भाग मानला. फिनलंडने तर 1 जुलै 2010 पासून प्रत्येक नागरिकाला सेकंदाला एक मेगाबिटची जोडणी कायद्याने देऊ केली. वेग मामुली होता, पण मागायला हक्काचं दार होतं.

3. चर एकच, वागणूक दोन.

मिशन भगीरथने तेलंगणात घरोघरी नळाचं पाणी न्यायला चर खोदले. त्याच चरांतून ऑप्टिकल फायबर नेण्याची राज्य सरकारच्या टी-फायबरची योजना होती, आणि ती खरोखर शहाणपणाची होती. खोदाईचाच खर्च तर सगळ्यात मोठा. पण पाइप फुटला की ओरड होते, लाइनमन येतो, सरपंचाला जाब विचारला जातो. तार तुटली तर? कुणाला फोन करायचा हेच कुणाला ठाऊक नसतं. पाणी ही सेवा ठरली, तार ही ‘प्रकल्प’ राहिली. डिसेंबर 2024 मध्ये टी-फायबरची घरगुती जोडणी राज्यातल्या मोजक्या गावांत प्रायोगिक म्हणून सुरू झाली, त्यात आदिलाबाद जिल्ह्यातलं गाव नव्हतं.

केंद्राच्या भारतनेटची कथा याहून जुनी. ऑक्टोबर 2011 मध्ये मंजूर झालेली ही योजना ग्रामपंचायतीपर्यंत तार नेऊन थांबली. पंचायतीच्या खोलीतल्या पेटीपासून घरापर्यंतचा तुकडा कुणाचाच नव्हता. शिवाय बऱ्याच ठिकाणी तार एका ओळीत टाकलेली. मध्ये कुठे जेसीबीचा दात लागला की पुढची सगळी गावं अंधारात. ऑगस्ट 2023 मध्ये 1.39 लाख कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर झाला. त्यात तारेचं कडं करणं आणि दहा वर्षांची देखभाल कंत्राटातच धरणं, या दोन गोष्टी आल्या. बारा वर्षांनी का होईना, दुरुस्ती हाही कामाचा भाग असतो हे कागदावर आलं.

4. ‘मोबाइल आहे की!’

आहे. सगळ्यांच्या हातात नाही, पण आहे. दिवाळीनंतर एकाच टॉवरवर सगळं गाव स्लॉट शोधत असतं, तेव्हा हातातला फोन नुसता फिरत राहतो. वीज गेली आणि टॉवरची बॅटरी संपली की तोही थांबतो. नदीकाठच्या शिवारात फोन कधी अलीकडचा टॉवर धरतो, कधी पलीकडचा. कंपन्यांच्या नकाशात अलीकडचा भाग अजून ‘आंध्र प्रदेश’ सर्कल आहे, राज्य वेगळं होऊन दशक उलटलं तरी.

दूरसंचार नियामक ट्रायने 2024च्या नियमांत जिल्ह्यात सेवा 24 तासांहून जास्त ठप्प झाली तर ग्राहकाला भरपाई ठेवली. चांगलं केलं. पण एकट्या गावाचा टॉवर चार दिवस मेला, तर जिल्ह्याच्या हिशेबात तो दिसणार कसा?

5. ‘अत्यावश्यक’ या शब्दापासून थोडं सावध.

आपल्याकडे हा शब्द आला की आधी एस्मा आठवतो. 1968च्या त्या कायद्यात टपाल आणि टेलिफोन आहेत, पण तिथे अत्यावश्यक म्हणजे कर्मचाऱ्याने संप करायचा नाही. ग्राहकाला त्यातून काही मिळत नाही. मला तसली पाटी नको. मला हवं ते साधं आहे: मागितल्यावर ठरलेल्या दिवसांत जोडणी, ठरलेल्या तासांत दुरुस्ती, न झाल्यास आपोआप भरपाई, आणि गावाला माहीत असलेला एक जबाबदार माणूस. फुकट नको. नळपट्टी भरतो तशी हीही भरू.

6. पैसा कुठून?

आपल्याच रिचार्जमधून, आणि तो जातोच आहे. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलाचे 5 टक्के ग्रामीण सेवेच्या निधीत जमा होतात. आधी त्याचं नाव सार्वत्रिक सेवा दायित्व निधी होतं, 2023च्या दूरसंचार कायद्याने ते डिजिटल भारत निधी झालं. ‘दायित्व’ हा शब्द नावातून गेला. कामातून जाऊ नये, एवढंच.

7. ‘आधी रस्ते आणि दवाखाना.’

बरोबर. पण गावात तार यावी म्हणून दवाखान्याचं बांधकाम कुणी थांबवत नाही. दोन्हींचे निधी वेगळे, खाती वेगळी.

8. सेवा म्हटली की ती तोडणंही अवघड हवं.

सप्टेंबर 2024 मध्ये शेजारच्या कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात जैनूरला (जैनथ नव्हे, जैनूर) हिंसाचार झाला आणि इंटरनेट बंद करण्यात आलं. अफवा थांबवायचं कारण खोटं नसतं. मात्र ज्या दिवशी नेट बंद, त्या दिवशी हजेरी, रेशन, स्लॉट सगळंच बंद. दंगलीमुळे कुणी पाणीपुरवठा तोडत नाही. नेट तोडायचंच असेल, तर त्या दिवसांचे स्लॉट आणि मुदती आपोआप पुढे सरकाव्यात, हे त्याच आदेशात लिहिलेलं असावं.

9. तारेने सगळं सुटणार नाही.

मराठी शाळेत शिकलेल्या साठीच्या माणसासमोर तेलुगू किंवा इंग्रजी पान उघडलं, तर वेग कितीही असो, तो सरकारी सेवांच्या मीसेवा केंद्रातल्या पोराच्याच हाती. सीमेवरच्या मंडळांत (तालुक्यांत) सरकारी मराठी शाळा चालतात. मग सरकारी पानांवर मराठी का नाही? हा खर्च तारेपेक्षा कितीतरी कमी आहे.

10. करता येण्यासारखं काय?

विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 22अ मध्ये सार्वजनिक उपयोगिता सेवांची यादी आहे: वाहतूक, टपाल-तार-टेलिफोन, वीज, पाणी, दवाखाना, विमा वगैरे. त्या यादीत अधिसूचना काढून भर घालण्याचा अधिकार राज्य सरकारलाही आहे. हैदराबादने ब्रॉडबँडचं नाव तिथे घातलं, तर तक्रार थेट स्थायी लोकअदालतीत नेता येईल. तिथे कोर्ट फी नाही, आणि तडजोड फिसकटली तरी अदालत निकाल देऊ शकते. त्यासाठी विधानसभेत नवा कायदा करायची गरज नाही.

गावाच्या हातातलंही आहे. डिसेंबर 2025 मध्ये तेलंगणात नवे सरपंच निवडून आले. पहिल्या एखाद्या ग्रामसभेत ठराव घ्यावा आणि त्यात तीनच प्रश्न विचारावेत: पंचायतीतली फायबरची पेटी चालू आहे का, बंद असेल तर कोणत्या तारखेपासून, आणि ती दुरुस्त करण्याचं कंत्राट कुणाकडे आहे. ठराव जिल्हाधिकाऱ्यांना पाठवावा, एक प्रत टी-फायबरला आणि एक सीसीआयच्या खरेदी केंद्राला. पुढच्या वेचणीच्या आधी.